भंडाऱ्याची शपथ

शिळेवाडी, ता. मावळ
३ फेब्रुवारी

आक्का,

तुम्हाला आणि दाजींना वाकून नमस्कार. पाकीट बघून आधी घाबराल आणि मग म्हणाल, खंडाळा काय लांब आहे म्हणून ही बाई पत्रं लिहायला लागली. माझा मोबाईल बिघडला आहे. ह्यांच्या मोबाईलवरून बोलायचं तर हे समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत राहतात, मग मला धड काही सुचत नाही. म्हणून पाकीट आणलं. पोस्टातल्या बाईंनाही ते सापडायला दोन कपाटं उघडावी लागली.

सृष्टी रमली का? दूध पिताना नाटकं करील, तिकडं लक्ष देऊ नका. तिला रुळांकडं एकटी सोडू नका. दरीच्या कडेच्या त्या कठड्याकडं तर नेऊच नका. माकडांना खायला घालायची तिला फार हौस आहे, तेही नको. अधूनमधून अंगाला हात लावून बघत जा. जरा कोमट लागलं तरी डॉक्टरकडं न्या आणि मला कळवा. तुम्ही म्हणाल, मी दोन लेकरं वाढवली आणि ही काल आलेली मला शिकवते. रागवा, पण एवढं करा.

तिला तुमच्याकडं पाठवलं ते सीझनमुळं. तुम्हाला माहीतच आहे, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गुलाबाच्या पॉलीहाऊसवर श्वास घ्यायला सवड नसते. फुलं कापा, दांड्या मोजा, गड्ड्या बांधा, खोकी भरा. दुनियेतल्या प्रेमाचा सगळा भार आम्हा बायकांच्या बोटांवर येतो आणि घरी आल्यावर भाकरी थापताना ती काट्यांनी ठणकतात. अशात पाच वर्षांच्या पोरीला कोण बघणार.

आबांचे गुडघे बरे आहेत. दिवसभर ओट्यावर बसतात आणि येईल त्याला एकच विचारतात, “आमच्या घरावर ही आग कुनी लावली, तुला काय म्हाईत हाय का?” मी आत चूल सारवत असते आणि माझा हात थांबतो.

आदिनाथभावजींची केस तुमच्या कानावर गेलीच आहे. पण कुणी काय सांगितलं असेल कोण जाणे, म्हणून नीट लिहिते. ग्रामपंचायतीला भावजी आपल्या वॉर्डातून उभे होते. मतदानाच्या आधीच्या मंगळवारी त्यांनी सगळ्या वस्तीला वाघजाईच्या देवळात बोलावलं. मला वाटलं आरती असेल. भावजींनी गुरवाला, आपल्या सीतारामकाकांना, भंडाऱ्याचं ताट धरायला सांगितलं. काकांनी पाठ दुखते म्हणून अंग काढून घेतलं. मग भावजींनी स्वतःच ताट धरलं. एकेकानं पुढं यायचं, चिमूटभर हळद उचलायची, देवीकडं बघून म्हणायचं की माझं मत आदिनाथला, आणि इथलं बाहेर बोलणार नाही. पालटलो तर वाघजाई बघून घेईल.

गावात भंडारा उचलला की विषय संपतो, हे मी तुम्हाला काय सांगू. जमिनीची भांडणं मिटली आहेत त्याच्यावर. पण ती दोघांच्या राजीखुशीनं. हे तसं नव्हतं. सरूबाई म्हातारी पुढं येताना इतकी थरथरत होती की हळद तिच्याच पायांवर सांडली. भावजी म्हणाले, “सांडली तरी चालंल मावशी, बोल तू.” आणि ती बोलली.

या सगळ्याचा व्हिडिओ आहे. तो भावजींनीच काढायला लावला, उद्या कुणी पालटलं तर तोंडावर दाखवायला. आणि काढायला सांगितला मला. “वैनी, घरचं मानूस पायजे या कामाला. दुसऱ्यावर इस्वास न्हाई.” मी काढला. त्यांना पाठवला. त्यांनी तो आपल्या पाच-सहा पोरांना पाठवला. आता घरात संशय त्या पोरांवर आहे.

आक्का, माझा मोबाईल बिघडलेला नाही. तो वडगावला पोलिसांकडं जमा आहे. तक्रार मी केली.

लिहिलं एकदाचं. दुपारी देवळातून घरी आले आणि निवडणुकीच्या तक्रारींसाठी सरकारनं ॲप दिलंय ना, त्याच्यावर तो व्हिडिओ टाकला. सरूबाईचं ते थरथरणं माझ्याच्यानं बघवलं नाही म्हणून टाकला. मला काय वाटलं सांगू? वाटलं, कुणीतरी साहेब फोन करील, भावजींना दम देईल, आणि बाकीचं वर्षानुवर्षं कुठल्यातरी कपाटात पडून राहील. आपल्याकडं असंच असतं की. मी सरकारच्या ढिलाईवर भरवसा ठेवून तक्रार केली. आणि नेमकी इथंच फसले.

तव्यावरची भाकरी उतरायच्या आत भरारी पथकाची गाडी देवळापुढं उभी राहिली. ताट, हळद सगळं पंचनाम्यात गेलं. फौजदार बाईंनी दुसऱ्या दिवशी कोर्टाची परवानगी आणली, वस्तीतल्या सगळ्यांचे जबाब घेतले. मला दवाखान्याचं निमित्त करून वडगावला जायला लागलं. मी त्यांना विचारलं, “बाई, इतकी काय घाई आहे?” त्या म्हणाल्या, “घाई नाही, ताई. निवडणुकीचे गुन्हे लांबले की साक्षीदार गळतात. म्हणून वेळेत करायचं.” आता आरोपपत्रही गेलं कोर्टात. भावजी निवडून आले, गुलाल उधळला, तो गुलाल ओट्यावरून धुवून निघायच्या आत समन्स आलं.

येत्या शुक्रवारी भावजींच्या हातात आरोपपत्राची प्रत पडेल. साक्षीदारांमध्ये पहिलं नाव माझं आहे. त्याच्या आधी तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. ते तुमचे धाकटे भाऊ, तुम्ही त्यांना कडेवर वाढवलेलं. मला शिव्या घाला, पण माझ्या पोरीवर राग काढू नका.

तिला वाघजाईचं नाव काढू देऊ नका. काही विचारलं तर दुसरीकडं मन वळवा.

तुमच्या उत्तराची वाट बघत, आणि ते येईल म्हणून भीत,
सविता


शिळेवाडी
२२ फेब्रुवारी

आक्का,

पत्र मिळालं. तुम्ही लिहिलंत त्यातलं एकही वाक्य मी खोटं म्हणणार नाही. घरातली गोष्ट घरात ठेवायची असते, तोंडावर सांगायची असते, आबांच्या कानावर घालायची असते. सगळं खरं. तुमचं माहेर माझ्यामुळं मोडतंय हेही खरं.

पण त्या पत्रात खाली तुम्ही एक ओळ लिहिलीत, “सृष्टीला मध्ये कणकण होती, आता उतरली.” बाकीच्या शिव्या मी एकदाच वाचल्या. ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. कणकण नेमकी कधी आली? शुक्रवारच्या आधी की नंतर? अंगावर पुरळ होतं का? झोपेत दचकत होती का? मला नीट लिहा. लपवू नका.

इथलं सांगते. शुक्रवारी संध्याकाळी भावजी आरोपपत्राची प्रत घेऊन आले आणि आबांच्या पुढ्यात टाकली. आबांना वाचता येत नाही, त्यांनी ती ह्यांच्याकडं दिली. ह्यांनी माझं नाव मोठ्यानं वाचलं आणि मग पुढचं वाचलंच नाही. भावजी काही बोलले नाहीत. जामिनाच्या अटीत साक्षीदाराशी बोलायचं नाही असं आहे म्हणे, पण त्यामुळं गप्प राहिले असं मला वाटलं नाही. ते माझ्याकडं असे बघत होते की मीच मान खाली घातली.

तेव्हापासून रोज सकाळी आपल्या उंबऱ्यावर चिमूटभर हळद ठेवलेली असते. कोण ठेवतं माहीत नाही. मी झाडू घेऊन बाहेर येते. पायानं तुडवता येत नाही, हातानं उचलता येत नाही. रोज पाणी ओतते आणि तुळशीकडं जाऊ देते. एक दिवस नव्हती, तर मी दिवसभर आता काय होणार म्हणून जास्त भ्यायले.

पॉलीहाऊसवरच्या मुकादमानं सीझन संपल्यावर सांगितलं की थोडे दिवस येऊ नको. मालक पुण्याचे आहेत, त्यांना यातलं काही माहीत नाही. मुकादम आपल्या भावकीतला आहे एवढंच. सरूबाईनं जबाब फिरवला. ती म्हणते देवळात प्रसाद वाटला, शपथबिपथ काही नव्हती. मला विहिरीवर भेटली तर पदर तोंडाला लावून म्हणाली, “मला एकच नातू हाय गं बाई. तू रागवू नगंस.” मी कशाला रागवू. वस्तीतले बाकीचेही एकेक करून तेच म्हणायला लागलेत. सरकारी वकील म्हणाले, व्हिडिओ आहे, पण व्हिडिओत भीती दिसत नाही, ती माणसानं सांगावी लागते. आता सांगणारी मी एकटी राहिले.

आक्का, मागच्या पत्रात मी लिहिलं की सरूबाईसाठी तक्रार केली. तेवढं खरं नाही. सरूबाईसाठी मला वाईट वाटलं, रात्री जेवण गेलं नसतं, आणि सकाळी मी विसरले असते. मी काही एवढी मोठ्या मनाची नाही.

सगळ्यांचं झाल्यावर भावजींनी माझ्या हातातून मोबाईल घेतला. म्हणाले, “आता तुमी, वैनी. घरच्यास्नी सोडलं आसं लोकांनी म्हनाया नगं.” मी हसले. मला वाटलं चेष्टा करतायत. मी म्हटलं, भावजी, माझं मत तुम्हाला सोडून कुठं जातंय. तर म्हणाले, “तसं न्हाई. तुमचं म्हायेर परंदवडीचं, समोरचा उमेदवार तुमच्या म्हायेरच्या सोयऱ्यातला. लोक माझ्याकडं बघून हसत्यात.” सृष्टी माझ्या पदराला धरून उभी होती. त्यांनी तिला उचललं, देवीपुढं उभं केलं, आणि माझा उजवा हात धरून तिच्या डोक्यावर ठेवला. “आता बोला.”

मी बोलले. सगळी वस्ती बघत होती. देवी बघत होती. मी म्हटलं, माझं मत आदिनाथला, इथलं बाहेर बोलणार नाही, बोलले तर या लेकराचं... आणि पुढं थांबले. ते म्हणाले, “पुरं बोला.” मी पुरं बोलले. ते शब्द मी इथं लिहिणार नाही. माझ्याच मोबाईलमध्ये माझ्याच आवाजात ते आहेत, आणि मोबाईल धरणारा हात त्यांचा आहे.

सृष्टी घरी येताना विचारत होती, “आई, मी कुठं जाणार आहे?” त्यानंतर मी ॲप उघडलं.

आता तुम्हाला कळलं असेल मी तिला का पाठवली. गुलाबाचा सीझन वगैरे सगळं झूठ. तिला वाघजाईच्या हद्दीबाहेर ठेवायची होती. बारावी शिकलेली बाई मी, ग्रामसभेत अर्ज वाचून दाखवते, आणि मनात हिशेब करते की देवीचा डोंगर खंडाळ्यापर्यंत पोहोचतो की अलीकडंच संपतो. हसा मला. मलाही हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं तर.

आणि एक सांगते, ते कोर्टातही मला कुणी विचारू शकत नाही. मत मी भावजींनाच दिलं. शपथ घातली नसती तरी दिलं असतं. परंदवडीच्या सोयऱ्यांचा आणि माझा काय संबंध? ह्या घरात आले तेव्हा भावजी शाळेत होते, मी त्यांचे डबे भरले आहेत. त्यांनी चहा पिताना नुसतं “वैनी, ध्यान ठेवा” म्हटलं असतं तर मी वस्तीतल्या चार बायकांनाही घेऊन गेले असते. हेच मला सहन होत नाही. मागितलं असतं तर मिळालंच असतं, ते त्यांनी माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलं.

मी सीतारामकाकांकडं गेले होते. विचारलं, काका, शपथ उतरवता येते का? त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, “येती. पर ज्यानं उचलाया लावला त्यानंच भंडारा परत घ्यायचा आसतो. देवीपुढं म्हनायचं, म्या सोडलं. माज्या हातात न्हाई त्ये, पोरी.” म्हणजे सगळं पुन्हा भावजींच्या हातात.

त्यांना हे कळायला वेळ लागला नाही. परवा आबांनी मला ओट्यावर बोलावलं. समोर बसवलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “आदिनाथ भंडारा परत घ्यायला तयार हाय. तू कोर्टात येवढंच म्हन, परसाद होता, हौसंनं व्हिडिओ काडला. तू त्याला सोडव, त्यो पोरीला सोडवंल.” आणि मग आबा रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. “माजीच नात हाय ती, सविता. मला काय झोप लागती व्हय?”

आक्का, मी हो म्हणणारच होते. तोंडात शब्द आला होता. तेवढ्यात मनात आलं की एकदा हे चाललं तर पुढच्या निवडणुकीला कुणाचं लेकरू उभं करतील? आणि सृष्टी मोठी होईल, तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून तिच्याकडून काय काय बोलवून घेतील? मी म्हटलं, आबा, विचार करून सांगते. अजून सांगितलेलं नाही.

हे काल पहिल्यांदा माझ्याशी दोन वाक्यं बोलले. म्हणाले, “तू येवढी भितीस कशाला? आद्याचा कुटं देवावर इस्वास हाय? त्यानं खेळ केला लोकांस्नी भ्या दावाया. त्याच्याच मनात न्हाई तर देवी कशाला ऐकंल?” हे मला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा मी ते धरून बसले आहे. दिवसातून कितीदा तरी स्वतःला सांगते की त्यांच्या मनात नव्हतंच, नुसता खेळ होता, खेळातली शपथ लागत नाही.

तुम्ही लिहिलंत, पोरीला ठेवते, ती माझ्या भावाची लेक आहे, पण तू साक्ष देऊन माझ्या दारात येऊ नको, आणि फोनही करू नको. बरं. नाही येणार. तुम्ही तिला जेवू घालता, वेणी घालता, यापुढं मी तुमच्याकडं काही मागू शकत नाही.

तरी मागते. तारीख सतरा मार्चची आहे. त्या दिवशी तिला घराबाहेर काढू नका.

तुमच्या भावाची गुन्हेगार, सृष्टीची आई,
सविता


वडगाव स्टेशन
१७ मार्च

आक्का,

दुपारची लोकल नाही. पुढची यायला बराच वेळ आहे. फलाटावरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे, अक्षर हलतंय ते समजून घ्या. हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. हे मी घेऊन येते आहे, कारण तुमच्यासमोर उभी राहिले तर मला तोंडानं काही सांगता येणार नाही.

साक्ष झाली.

सकाळी निघताना उंबऱ्यावर हळद होती. मी आज ती ओलांडून आले. ह्यांनी बघितलं आणि मागून चपला घालून आले. रिक्षात शेजारी बसले. कोर्टात आबा एका बाकावर होते, हे त्यांच्याकडंही गेले नाहीत आणि माझ्याकडंही आले नाहीत. दाराशी उभे राहिले.

पिंजऱ्यात उभी केली आणि देवाची शपथ घ्यायला सांगितली, खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. मला एकदम घेरी आली. ह्या देवाची शपथ घेऊन त्या देवीची मोडायची. मॅजिस्ट्रेट बाईंनी विचारलं, “पाणी हवं का?” मी नको म्हटलं. हात वर केला तेव्हा तो मला माझा वाटेना.

सरकारी वकिलांनी विचारलं तसं सांगत गेले. व्हिडिओ लावला. सरूबाई आली, बाकीचे आले, मग मी आले. त्यांनी विचारलं, “तुम्ही तिथं काय बोललात ते न्यायालयाला सांगा.” मी म्हटलं, साहेब, व्हिडिओत आहे की. ते म्हणाले, “तुमच्या तोंडून यायला पाहिजे.” आक्का, मला ते सगळं पुन्हा म्हणायला लागलं. सृष्टीचं नाव घेऊन. तुम्हाला लिहायला नको म्हणून मी जे गाळलं होतं, ते चारचौघांत पुरं म्हटलं, आणि टायपिस्टनं ते टाईप केलं.

मग भावजींचे वकील उठले. आधी म्हणाले वाटणीचा वाद आहे. मी नाही म्हटलं. मग म्हणाले माहेरच्या उमेदवाराचं ऐकून केलं. तेही नाही म्हटलं. मग ते गोड आवाजात म्हणाले, “ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुमचा खरंच विश्वास आहे का, की चिमूटभर हळद उचलली म्हणून देवी एखाद्या लेकराचं वाईट करील?”

मला कळलं ते काय करतायत. नाही म्हटलं तर मी भ्यायलेच नव्हते, म्हणजे दबाव नव्हता, म्हणजे गुन्हा नव्हता. हो म्हटलं तर सगळ्यांसमोर कबूल करायचं की मी आता, ह्या क्षणी, समजून उमजून माझ्या पोरीला संकटात घालते आहे. सुटायला तिसरी वाट नव्हती. आबा माझ्याकडं बघत होते. भावजी बघत होते.

मी म्हटलं, “आहे. तेव्हाही होता, आताही आहे.”

वकील म्हणाले, “मग तुम्ही बोलताय कशा?”

मी म्हटलं, “भीत भीत बोलतेय, साहेब. माझी पोर इथं नाही. ती आता कशी आहे मला माहीत नाही. तुम्ही माझा हात बघा.”

मी हात पुढं केला. तो थांबत नव्हता. मॅजिस्ट्रेट बाईंनी चष्मा काढून बघितला आणि टायपिस्टला सांगितलं, “साक्षीदाराचा हात थरथरत आहे, असं नोंदवा.” वकील खाली बसले. सरकारी वकील मला नंतर म्हणाले, आता काही लागत नाही, निकाल लवकर होईल, सदस्यपदही टिकणार नाही. ते खुशीत होते. मला चहा पाजत होते. मी कप तसाच बाकावर ठेवला.

आक्का, मी आता सांगते ते ऐका. साक्ष संपवून मी बाहेर व्हरांड्यात आले. भावजी माझ्या मागं आले. हवालदार “ओ, ओ, बोलायचं नाही” म्हणून ओरडला, तरी आले. मला वाटलं हे आता मारतात. मी भिंतीला टेकले. ते अगदी जवळ आले. तोंड पांढरं पडलं होतं, ओठ कोरडे झाले होते. म्हणाले,

“वैनी, सृष्टी बरी हाय ना?”

हवालदार धावत येत होता.

“तुमी आक्काला फोन केलता का? कोर्टात बोलायच्या आदी का नंतर? काय म्हनली ती? वैनी, म्या भंडारा परत घेतो. आत्ता जातो. म्या सोडलं म्हनतो. उशीर तर झाला न्हाई ना?”

हवालदारानं त्यांना दंडाला धरून नेलं. जाता जाता ते मागं वळून तेच विचारत होते.

आजवर मी एकाच गोष्टीवर उभी होते की त्यांच्या मनात हे खरं नव्हतं. नुसता खेळ होता. तो खेळ नव्हता, आक्का. त्यांचाही विश्वास होता. माझ्यापेक्षा जास्त होता. त्यांनी माहीत असून माझा हात धरला, आणि आता माझ्यासारखेच भ्यायलेत. त्यांच्या तोंडावर मी माझंच भय बघितलं आणि माझ्या अंगातलं होतं नव्हतं ते बळ गेलं.

ह्यांनी तुम्हाला फोन लावला. उचलला नाहीत. परत लावला, नुसता वाजत राहिला. दाजींचा बंद लागतो. सरकारी वकिलांच्या कारकुनाच्या फोनवरूनही लावला, नंबर ओळखीचा नाही म्हणून तरी उचलाल म्हणून. नाही उचललात. तुम्ही रागानं उचलत नसाल. मी स्वतःला तेच सांगते आहे. राग असू दे, आक्का. तुमचा राग असावा एवढंच मागणं आहे आज माझं.

हे शेजारी बसलेत. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवलाय, त्यानं लिहिता येत नाही, पण काढा असं म्हणवत नाही. लोकल येतेय.

तुम्ही सांगितलं होतं दारात येऊ नको. मी येते आहे. आत घेऊ नका, पाणी विचारू नका, मी काही बोलणार नाही. हे पत्र तुमच्या हातात देईन. पण ते आधी वाचू नका. आधी मागं वळून सृष्टीला हाक मारा. तिची “ओ” ऐकू येईपर्यंत मला उंबऱ्याबाहेर उभी राहू द्या.

तुमच्या दारात,
सविता